मालगुजारी तलावाचा काठ: नुसती यादी पुरत नाही

मालगुजारी तलाव म्हणजे पूर्व विदर्भातले, जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले तलाव. काठावरच्या वनस्पतींची यादी केली की अशा तलावाची तब्येत कळते का? नाही कळत. कोण काय काम करतं, ते बघावं लागतं. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट पेन यांनी खडकांवरून फक्त शिकारी तारामासा काढत ठेवला. शिणाण्यांनी (खडकांना चिकटणाऱ्या शिंपल्यांनी) जागा बळकावली, १५ प्रजातींच्या ८ उरल्या (शोधनिबंध १९६६चा).

आपल्याकडे पाळीसमोरच्या (पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध) उथळ बाजूला, कोरड्या जागेपासून कंबरभर पाण्यापर्यंत दोरी ताणा. दर २ मीटरवर अर्ध्या मीटरची चौकट ठेवून देवधान (रानटी भात), कमळ, बेशरम (बाहेरून आलेलं, झपाट्याने पसरणारं झुडूप) यांनी किती टक्के जागा व्यापलीय ते लिहा. चौकट सोयीच्या जागी सरकवली की आकडे गेले! आणि बेशरम नुसती कापू नका, चिखलात पडलेलं कांडंही मुळं धरतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मुळासकट उपटून पाळीपलीकडे वाळवा.