मदत हवी आहे: तंबाखू सोडणाऱ्यांचा गट, पण पुन्हा सुरू झाली की माणूस गप्प होतो

नमस्कार मंडळी,

कामाच्या ठिकाणी तंबाखू सोडू पाहणाऱ्यांचा एक गट जमवलाय. ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाचं निमित्त झालं. सिगारेटवाले आहेत, मळून खाणारे आहेत, व्हेपवाली (म्हणजे ई-सिगारेट ओढणारी) तरुण पोरंही आहेत. आठवड्याला एक भेट, बाकी व्हॉट्सॲप. मला स्वतःला हे व्यसन कधीच नव्हतं, मी फक्त जुळवाजुळव बघतो.

अडचण अशी. सुरुवातीला ग्रुपवर 'आज पाचवा दिवस', 'आज बारावा', त्यावर टाळ्यांचा पाऊस. मग एखादा अचानक गप्प. भेटीला येत नाही, जिन्यात दिसला तर फोनमध्ये डोकं घालतो. विचारलं तर 'कामात होतो'. कुणी टोमणा मारलेला नाही, तरी ज्याला आत्ता गटाची खरी गरज आहे तोच आधी निसटतो. चिडचिड, झोप उडणं वगैरे पहिल्या आठवड्यात जोरात असतं आणि साधारण महिन्याभरात ओसरतं म्हणतात. आमचे काही जण तर त्यानंतर घसरलेत!

दिवस मोजणं बंद करावं का? आणि निकोटीनचं च्युइंगम घेणाऱ्याला 'म्हणजे सुटली नाहीच' असं ऐकवणारे दोन शूरवीर आहेत, त्यांना काय सांगू? अनुभवी लोकांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद १
टोमण्याची गरजच नाही हो, त्या टाळ्याच पुरेशा आहेत. तिसाव्या दिवशी कौतुक झालेला माणूस एकतिसाव्याला 'काल ओढली' असं चारचौघांत कसं सांगेल? आकडे ज्याचे त्याच्याकडे राहू द्या. जोड्या लावा, घसरल्यावर फोन एकालाच करायचा. समोरच्याने 'का ओढलीस' विचारायचं नाही. कुठे होतास, कोण बरोबर होतं, एवढंच. पुढच्या वेळची तयारी त्यातूनच होते.

ब्रेकला एकत्र बाहेर जाणारी टोळी शक्यतो एकदमच गटात घ्या. क्रिस्टाकिस आणि फाउलर या संशोधकांचा २००८चा अभ्यास आहे: नवरा-बायकोपैकी एकाने सिगारेट सोडली तर दुसऱ्याने ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली, छोट्या कचेऱ्यांतल्या सहकाऱ्यांमध्ये ३४ टक्क्यांनी. टोळी बाहेर ओढत उभी आणि एकटा आत बसून निग्रह करतोय, हे फार दिवस चालत नाही.

प्रतिसाद २
समुपदेशनाचं काम करते, म्हणून च्युइंगमबद्दल. शूरवीरांना सांगा की निकोटीन सवय लावतं, पण सिगारेटचा कर्करोग येतो तो मुख्यतः धुरातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही निकोटीनचं च्युइंगम आणि पॅच (कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) हे उपचार म्हणूनच आहेत. दिवसभरासाठी पॅच आणि अचानक तलफ आली की च्युइंगम, ही जोडी एकट्या पॅचपेक्षा जास्त उपयोगी पडते. मात्र सतत चघळायचं नाही. चुणचुण जाणवली की गालात दाबून ठेवायचं, ती गेली की पुन्हा चावायचं. भराभर चघळून उचकी लागते, मळमळतं आणि लोक ते टाकून देतात. गरोदर असेल किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टर.

सिगारेटवाल्यांना चहा-कॉफी कमी करायला सांगा. धुरामुळे शरीर कॅफीन लवकर निपटतं; सिगारेट सुटली की तेवढ्याच कॉफीने जास्त धडधड होते, आणि दोष जातो सिगारेट सोडण्याला. मळणाऱ्यांना हे लागू नाही.

धागाकर्ता
दोघांचे आभार. ग्रुपवरची मोजदाद आजच थांबवतो, जोड्याही लावतो. व्हेपवाल्यांचं तेवढं सांगा: सिगारेट निदान संपते, यांचं यंत्र दिवसभर हातातच असतं, किती ओढलं ते त्यांनाच कळत नाही. त्यांची जोडी आपसात लावावी की सिगारेट सोडून बरीच वर्षं झालेल्या कुणाबरोबर?