टीबीच्या पेशंटच्या घरी दिलेलं धान्य ही खिरापत नव्हे

कोरडवाहू

परवा 'मध्यमवर्गी' यांनी इथे लिहिलं होतं: 'टीबीच्या गोळ्या फुकट, तपासणी फुकट, वर खात्यात महिन्याला हजार रुपये, आणि आता म्हणे घरच्यांनाही शिधा. टीबी जंतूने होतो, भुकेने नाही. डाळतांदूळ वाटून जंतू मरत नसतात, मतं मिळतात.' खाली अनुमोदनांची रांग लागली. मी तालुक्याच्या क्षयरोग पथकात काम करतो, रोज या घरांत जातो. गप्प बसवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

टीबी जंतूने होतो हे कॉखने १८८२ मध्येच सांगितलं, त्यावर वाद नाही. पण जंतू अंगात शिरला म्हणजे टीबी झालाच असं नसतं. बहुतेकांच्या अंगात तो जन्मभर दबून राहतो. तो डोकं कुणात वर काढतो, हा खरा प्रश्न. मधुमेह, एचआयव्ही, दारू, तंबाखू ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. आपल्याकडे त्यांच्याही वर अर्धपोटी शरीर येतं. शरीराची जी ताकद हा जंतू दाबून ठेवते, तीच उपासमारीत आधी ढासळते.

झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात 'रेशन्स' नावाचा अभ्यास झाला. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने केलेला, ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २८०० पेशंट आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसं. पेशंटना सरसकट शिधा दिला. घरच्यांचे मात्र दोन गट केले. एका गटात माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या. दुसऱ्या गटातल्या घरच्यांना काही नाही. शिधा मिळालेल्या घरांत नवा टीबी ३९ टक्के कमी निघाला, आणि तपासणीत जंतू सापडलेला फुफ्फुसाचा टीबी, जो दुसऱ्याला लागतो, तो ४८ टक्के कमी. खर्च त्या वेळच्या भावाने माणशी महिना सव्वातीनशे रुपयांच्या आसपास.

त्या पेशंटपैकी बायकांचं उपचार सुरू होतानाचं सरासरी वजन ३६ किलो होतं. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. आमच्या गोळ्या वजनावर ठरतात: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ३५ च्या खाली दोन. दोन मुलांच्या आईच्या कार्डावर 'दोन' लिहायची वेळ माझ्यावर नेहमी येते. तिला गोळ्या देऊन परत फिरताना चुलीशेजारचे डबे दिसतात. गोळ्या लागू पडल्या की भूक खवळते, आणि डब्यात काही नसतं.

म्हणून माझं म्हणणं एकच: शिधा हा टीबीच्या उपचाराचाच भाग आहे. आणि तो पेशंटबरोबर सगळ्या घराला, धान्याच्या रूपात, उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात पोचला पाहिजे.

मध्यमवर्गी

माझी पोस्ट उद्धृत केलीत म्हणून उत्तर देतो. मी गरिबांच्या विरोधात नाही, बेहिशेबी वाटपाच्या विरोधात आहे. २०२४ च्या सुरुवातीला टीबीच्या गोळ्यांचाच तुटवडा होता, महाराष्ट्रातही. माझ्या कंपनीतल्या हेल्परला बाहेरून विकत घ्याव्या लागल्या. आधी गोळ्या वेळेवर द्या, मग डाळीचं बोला. आणि २०२५ पर्यंत टीबी हद्दपार करणार होतात ना? जगातल्या रुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा अजून आपल्याकडेच आहे. पैसा जातो कुठे?

फुफ्फुसवाला

छातीरोगतज्ज्ञ म्हणून दोन गोष्टी मांडतो. भावनेच्या भरात विज्ञान वाहून जाऊ नये.

१९५० च्या दशकात मद्रासमध्ये प्रयोग झाला. काही पेशंट सॅनेटोरियममध्ये ठेवले: खाणंपिणं उत्तम, पूर्ण विश्रांती. काहींना तीच औषधं घरी दिली, झोपडपट्टीत, मिळेल ते खाऊन. बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखं आलं. घरच्यांनाही जास्त लागण झाली नाही. त्या एका प्रयोगाने जगभरची सॅनेटोरियमं बंद पडत गेली आणि टीबीचा इलाज घरी होऊ लागला. हे यश औषधाचं होतं.

दुसरं म्हणजे, रेशन्समध्ये वजन वाढलेल्यांचे मृत्यू कमी झाले असं सगळीकडे फिरतंय. पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वजन वाढलं की मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी, वगैरे. पण शिधा सगळ्याच पेशंटना होता, तुलनेला गटच नव्हता. मग ज्याचा आजार हटतोय त्याचं वजन वाढलं, की वजन वाढलं म्हणून आजार हटला? हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

कोरडवाहू

डॉक्टरसाहेब, दुसरा मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणूनच मी मृत्यूचा आकडा वर दिला नव्हता. मी घरच्यांचा आकडा दिला, तिथे गट पाडलेले होते. उलट तुलनेच्या घरांतही पेशंटचा शिधा आलाच होता. बाप एकटा कोपऱ्यात बसून दूध पावडर पितोय आणि पोरं बघताहेत, असं घर मी तरी पाहिलेलं नाही. तो शिधा वाटून खाल्ला गेला असणार. म्हणजे खरा फरक ३९ पेक्षा जास्तच असावा.

मद्रासचा प्रश्न वेगळा होता. औषध पूर्ण आणि देखरेखीखाली मिळालं तर पेशंट घरी बरा होतो का? होतो. पण घरच्यांचं पोट भरलं तर त्यांना टीबी कमी होईल का, हे तिथे कुणी तपासलंच नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथून काढू नका.

फुफ्फुसवाला

'खरा फरक जास्तच असावा' हा तुमचा अंदाज झाला. शिवाय शिधा कुणाला मिळतोय हे सगळ्यांना माहीत होतं. आणि प्रतिबंधक गोळ्या आहेत की! घरच्यांना त्या द्या, स्वस्त आणि सिद्ध झालेला उपाय आहे.

गटप्रवर्तक

प्रतिबंधक गोळ्यांबद्दल मी बोलते सर, कारण त्या घरोघरी घेऊन आमच्या आशाताई जातात. धडधाकट माणसाला 'तुला काही झालेलं नाही, तरी महिनोन्‌महिने गोळ्या खा' हे पटवून बघा एकदा. उपाशीपोटी मळमळतं, मग गोळ्या पत्र्यावर सुकत पडतात. शिधा घेऊन गेलं की दार उघडतं, गोळीचं बोलणंही ऐकून घेतात.

आणि हे सगळं करायचं कुणी? वजनकाटा आमचा, मोबाइल आमचा, नेट आमचं. मानधन कधी येईल ते विचारू नका. निक्षयवर, म्हणजे टीबीच्या सरकारी पोर्टलवर, नोंद राहिली तर बोलणी आम्हाला. इथे डॉक्टर आणि करदाते भांडताहेत, आणि पोतं उचलणारी बाई कुणाच्या हिशेबात नाही!

मध्यमवर्गी

ताई, तुमच्या मानधनाबद्दल सहानुभूती आहे, पण धाग्याचा विषय तो नाही.

गटप्रवर्तक

विषय तोच आहे. धान्य आपोआप चालत जात नाही.

घाटमाथा

धान्य की पैसे यावर लिहितो. पेशंटच्या खात्यात खाण्यासाठी एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. माझ्या चुलतभावाचे पैसे त्याचा कोर्स संपत आल्यावर जमा झाले. आधार जोडलेलं नाही, खातं बंद पडलंय, नावात काना चुकलाय, असं चाललं होतं. खाण्याचे पैसे खायच्या दिवसांत आलेच नाहीत. म्हणून कोरडवाहूंच्या 'धान्यच द्या'ला अनुमोदन. पण ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ एवढ्यावर का थांबायचं? सगळ्यात स्वस्त, पचायला हलकं आणि भेसळ न होणारं प्रोटीन म्हणजे अंडं. त्याचं नाव काढलं की सरकारला धाप का लागते? नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. हवं असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणे.

तुळशीवृंदावन

अंड्यावर आलातच शेवटी. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, आमच्या घरात कुणाला टीबी झाला नाही. डाळ, दूध, शेंगदाणे, नाचणी यांत काय कमी आहे? झारखंडच्या शिध्यातसुद्धा अंडं नव्हतं, घरच्यांना तांदूळ आणि डाळच होती. तुमचाच अभ्यास वाचा.

घाटमाथा

तुमच्या घरात टीबी झाला नाही, कारण तुमच्या घरात दूध, तूप आणि दोन वेळचं जेवण होतं. त्याला शाकाहार नका म्हणू, त्याला सुबत्ता म्हणतात. नाचणीचं नाव घेताय, पण अंड्याबरोबर नाचणीसत्त्वाला लागणाऱ्या साखरेचा निधीही गेला. ज्या पोराला अंडं चालतं त्याच्या ताटातलं अंडं तुमच्या भावनेसाठी का काढायचं?

तुळशीवृंदावन

कुणी काढलं? मी काढलं? निधीचा निर्णय सरकारचा, आणि शिव्या आमच्या खाण्याला! भाषा सांभाळा. माझ्या मुलीच्या वर्गात अंडं न खाणाऱ्यांना केळं मिळायचं, ते कित्येकदा यायचंच नाही. त्यावर तुम्ही कधी चार ओळी लिहिल्यात?

घाटमाथा

केळं मिळालंच पाहिजे. लिहिलं, घ्या. आता अंडंही मिळालं पाहिजे असं तुम्ही लिहा.

तुळशीवृंदावन

ज्याला खायचं त्याने खावं. याहून जास्त मी लिहिणार नाही.

रानजाई

तुमचं अंडं चालू द्या. मला माझ्या जावेबद्दल सांगायचंय.

घरात खायला कमी नव्हतं. शेती बागायत, दारात म्हैस. तरी टीबी तिलाच झाला, कारण घरात सगळ्यांत शेवटी ती जेवायची. आधी पुरुष, मग मुलं, मग सासूबाई, आणि पातेल्याच्या तळाशी उरलेलं तिचं. खोकला सुरू झाल्यावर 'थंडी बाधली' म्हणत दिवस काढले. निदान झालं तेव्हा घरच्यांनी पहिलं काम काय केलं, तर तिचं ताट वेगळं केलं आणि तिला माहेरी पाठवलं. तिच्या माहेरी शिधा आला, तो तिची आई पुढ्यात बसून तिला खाऊ घालायची. ती बरी झाली. सासरी परत आली तेव्हा ओळखू आली नाही, इतकी भरली होती.

म्हणून कोरडवाहूदादा, तुम्ही घराला धान्य द्या म्हणता, पण घराला दिलेलं बाईच्या पोटात जातं असं धरून चालू नका. आमच्या घरी धान्याची टंचाई नव्हतीच.

फुफ्फुसवाला

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ओपीडीत तरुण मुली येतात तेव्हा सोबतची सासू सांगते, 'खाते की सगळं.' वजनकाट्यावर वेगळंच दिसतं.

कोरडवाहू

रानजाईताई, खरं आहे. म्हणून पोतं टाकून निघून येणं पुरेसं नाही. दर महिन्याला पेशंटचं वजन होतं, तसं घरातल्या प्रत्येकाचं व्हायला हवं, बायकांचं आधी. रेशन्समध्ये शिधा माणशी मोजून दिला होता. सुनेच्या वाट्याचं सुनेच्या नावाने आलं आणि पुढच्या महिन्यात तिलाच काट्यावर उभं केलं, तर सासूला उत्तर द्यावं लागतं. माझ्या तालुक्यात मी हे बोलून पाहिलंय. काही घरांत राग येतो, तरी पुढच्या वेळी आकडा थोडा वर सरकलेला असतो.

मध्यमवर्गी

सगळ्यांचं वाचलं. फुफ्फुसवाल्यांनी गाळून उरलेला ३९ टक्क्यांचा आकडा तरी टिकतोय, एवढं मान्य करतो. ३० घरांना शिधा दिल्यावर एक टीबी टळतो असं त्याच अभ्यासात आहे, तेही वाचलं. एका पेशंटच्या कोर्सचा, तपासण्यांचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च धरला तर ते महाग नाही. पण निक्षय मित्र, म्हणजे पेशंटला शिधा देणारा दाता, म्हणून कुणीतरी फोटो काढून टोपली देणार, ती दोन महिने येणार आणि तिसऱ्या महिन्यात बंद पडणार, याला माझा विरोध कायम आहे. द्यायचं तर रेशन दुकानातून, कार्डावर, हक्काने द्या, आणि किती दिलं ते जाहीर करा.

कोरडवाहू

टोपली दोन महिन्यांत बंद पडते, ते मीही पाहतो. दात्याचा उत्साह संपतो, पेशंटचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. रेशन कार्डावर द्या, हे तुम्ही तुमच्या मूळ पोस्टखाली लिहा. तिथे अजून लोक अनुमोदन देत आहेत.

गटप्रवर्तक

रेशन दुकान चालेल. पण वजनकाटा बिघडला की नवीन कोण देणार, तेही त्याच पोस्टखाली लिहा.