फेंडरसाठी ग्राइंडर नको, मल्टीटूल घ्या

गाडीला मोठे टायर बसवले की ते फेंडरला (चाकावरच्या कमानीसारख्या भागाला) घासतात, म्हणून प्लास्टिकचा फेंडर ग्राइंडरने कापावा, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. हे प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन असतं आणि साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतं. छोट्या ग्राइंडरची चकती मिनिटाला १०-११ हजार फेरे घेते. घर्षणाच्या उष्णतेने प्लास्टिक वितळून चकतीला चिकटतं, कधी कधी कापलेली फट मागून पुन्हा जुळून येते. मी करून पाहिलंय. कडेला मेणबत्तीच्या ओघळांसारखे गोळे जमले आणि ते खरवडण्यात अख्खी दुपार गेली.

ऑसिलेटिंग मल्टीटूल घ्या. त्याचं पातं गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं, त्यामुळे कोपऱ्यातही हात सटकत नाही. वेग मध्यमच ठेवा. लांब कापासाठी बारीक दातांचा जिगसॉ (वर-खाली चालणारी छोटी विजेची करवत) चालेल, पण पात्याला मागे मोकळी जागा हवी. आणि मागून वायर जात नाही ना, हे कापण्याआधी हात घालून बघाच! डोळ्यांवर सुरक्षा चष्माही हवाच.

स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे लागतो ते पाहा, तिथे मास्किंग टेप लावून रेघ आखा. आधी थोडंच कापा, परत वळवून बघा, लागलं तर आणखी. शेवटी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने कड घासून घ्या.