सही माणसाचीच हवी

भाऊ, इथेरियम ब्लॉकचेनच्या टेस्टनेटवर, म्हणजे सरावाच्या जाळ्यावर, दहा वेळा नीट चाललं, आता एआय एजंटलाच मेननेटवर, म्हणजे खऱ्या पैशांच्या जाळ्यावर, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (पैशांचे व्यवहार आपोआप करणारा कोड) चढवू द्या, असं तुम्ही म्हणता. मला ते पटत नाही. आमच्या आर्णीकडे सालगडी कितीही भरवशाचा असला तरी तो कापसाची गाडी जिनिंगवर नेतो, सौदा मात्र कास्तकार स्वतः करतो. एजंटने कोड लिहावा, सेपोलिया या टेस्टनेटवर तपासावा, व्यवहार तयार ठेवावा. व्यवहारावर सही करणारी खाजगी किल्ली त्याच्याकडे नकोच. 'विचारल्याशिवाय चढवू नको' असं नुसतं बजावून भागत नाही, कारण त्याने वाचलेल्या पानात कोणी सूचना लपवली तर तीही तो तुमचा हुकूम समजून पाळू शकतो. मल्टिसिग करा, म्हणजे तिघांपैकी दोघांच्या सह्या लागतील, त्याही हार्डवेअर वॉलेटवरून (किल्ली जपणारं वेगळं उपकरण).

चढवतानाची चूक किती महाग पडते बघा. पॅरिटी या कंपनीच्या वॉलेट लायब्ररीचा, म्हणजे अनेक वॉलेट ज्यावर चालत होती त्या सामाईक कोडचा, मालक ठरवायचा राहून गेला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये भलत्यानेच ताबा घेऊन ती नष्ट केली आणि पाच लाखांहून जास्त इथर (इथेरियमचं चलन) अडकले. तो कोड तर माणसांनीच चढवला होता! तुमच्या गटाच्या कापसाचे चुकारे यातून जाणार असतील, तर दुसरी सही कोणाची, ते आधी ठरवा.