मदत हवी आहे: स्टेलेरियममध्ये (आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर) मंगळाचा वक्री मार्ग रेघेने कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी. डिसेंबर 2024 ते फेब्रुवारी 2025 या काळात मंगळ वक्री होता. कर्क तारकासमूहातून मागे सरकत तो मिथुनेत आला. हीच चाल मुलांना स्टेलेरियमवर दाखवायची आहे.

एकेक सौरदिवस (24 तास) पुढे नेला की सगळं आकाशच रोज साधारण एक अंश पश्चिमेला सरकतं आणि मंगळाचं उलटं चालणं त्यात हरवून जातं. म्हणून नाक्षत्र दिवसाने (ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी, 23 तास 56 मिनिटे 4 सेकंद) पुढे जातो. तारे जागच्या जागी राहतात, वातावरण बंद केलं की दिवसाउजेडाचीही अडचण येत नाही. इथवर झकास!

आता अडलंय ते असं: मंगळ गेला त्या वाटेची रेघ मागे उमटत राहायला हवी. कक्षा दाखवण्याचा पर्याय चालू केला तर भलतीच लंबवर्तुळं येतात, त्यांचा इथे उपयोग नाही. फक्त मंगळापुरती रेघ कुठून चालू करायची? स्क्रिप्ट लिहावी लागेल का?

शिवाय पृथ्वी आतल्या कक्षेतून मंगळाला मागे टाकते, ते सूर्यमालेच्या वरून बघायचं आहे. त्यासाठी सेलेस्टिया (अवकाशात कुठूनही बघता येणारं सॉफ्टवेअर) बरं पडेल की स्टेलेरियममध्येच निरीक्षकाची जागा बदलून भागेल? कुणी वापरलं असेल तर पायऱ्या सांगा.