टोमॅटोवरचा उशिरा येणारा करपा डाग दिसण्याआधी कसा ओळखावा? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. पानावर पाणचट डाग आणि मागे पांढरी बुरशी दिसेपर्यंत लागण होऊन काही दिवस उलटलेले असतात. त्याहून वाईट म्हणजे निरोगी दिसणारी फळं तोडून क्रेटमध्ये भरली, तरी तिथे तपकिरी पडून सडतात. पिकवलेलं असं फेकताना फार जीव तुटतो.

फोटोवरून रोग सांगणारी ॲप डाग आल्यावरच कामाची, असं माझं मत. म्हणून हवामानावरून अंदाज घ्यायचाय. बटाट्यावर याच करप्याचा धोका कधी आहे हे सांगणारा हटन निकष आहे: सलग २ दिवस किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा जास्त, आणि दोन्ही दिवशी निदान ६ तास ९० टक्के आर्द्रता. हा टोमॅटोला कोणी लावून पाहिलाय का? आर्द्रतेचा सेन्सर झाडीच्या आत लावावा की वर?