सीलिॲक असलेल्या मुलीचे पथ्य : गहू नेमका कोठून येतो?

अंगणवेल (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सोलापूरला एकत्र कुटुंबात राहतो. माझ्या आठ वर्षांच्या मुलीची उंची बराच काळ वाढत नव्हती आणि लोहाची औषधे देऊनही हिमोग्लोबिन वर येत नव्हते. रक्ताची टीटीजी तपासणी (या आजारात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची) आणि त्यानंतर दुर्बिणीतून घेतलेली आतड्याची बायोप्सी यांवरून तिला सीलिॲक, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार, असल्याचे निश्चित झाले. गहू, जव आणि त्यांपासून होणारे सर्व पदार्थ आता आयुष्यभर वर्ज्य आहेत. आमच्याकडे ज्वारीची भाकरी रोजचीच, त्यामुळे पोळी बंद करणे जड गेले नाही. परंतु काही महिन्यांच्या पथ्यानंतरही तिचे पोट अधूनमधून बिघडते आणि टीटीजीचा आकडा अपेक्षेइतका उतरलेला नाही. सासूबाईंचा तिच्यावर फार जीव आहे, पण कणभर पिठाने काय होणार, असे त्यांना मनापासून वाटते. गणपतीत घर पाहुण्यांनी भरेल आणि प्रसादाला शिरा असेल. गहू कोठून येत असावा आणि सासूबाईंना न दुखावता हे कसे सांगावे?

सह्यकडा

ताई, मला स्वतःला हा आजार आहे, म्हणून आधी गिरणीबद्दल लिहितो. ज्या चक्कीवर दिवसभर गहू दळला जातो, तिच्या दगडांत आणि पीठ उतरते त्या कापडी तोंडात गव्हाचे पीठ साचलेले असते, आणि आपल्या ज्वारीचे पहिले काही पीठ त्यालाच घेऊन बाहेर पडते. गिरणीवाल्याला ‘ज्वारीवरच ज्वारी टाका’ असे सांगितले, तरी चवीपुरता फरक पडतो, पथ्यापुरता पडत नाही. उपवासाच्या धान्यासाठी वेगळी चक्की असेल, तर तेथे चौकशी करावी, पण खात्रीचा उपाय म्हणजे घरघंटी घेणे आणि तिच्यात गहू कधीही न घालणे. ज्वारी, बाजरी, नाचणी निवडतानाही गव्हाचे दाणे पाहून काढावेत आणि धान्य धुऊन वाळवून मगच दळावे.

दुसरी गोष्ट हिंगाची. बाजारात मिळणारा बांधानी हिंग म्हणजे शुद्ध हिंग नसतो. मूळ चीक फार उग्र असल्यामुळे त्यात डिंक आणि बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. रोजच्या वरणाच्या फोडणीतून आणि गोड्या मसाल्यातून तो मुलीच्या पोटात जात असणार. खडा हिंग घेतला म्हणजे सुटलो, असेही नाही, कारण अनेक खडेही असेच बांधलेले असतात. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो; घटकांची यादी वाचून तोच घ्यावा, नाहीतर फोडणी जिरे आणि लसणावर भागवावी.

दिवेलागण

मी आहारतज्ज्ञ आहे. वरील दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत. त्यांत मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी यांची भर घालते, कारण दोन्हींत बहुतेक घरी गहू असतो. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच असतात आणि त्या तळलेल्या तेलात नंतर तळलेले साबुदाण्याचे पापडही मुलीला चालणार नाहीत. तिचे पोळपाट-लाटणे, परात आणि तवा वेगळा ठेवावा. सासूबाईंच्या ‘कणभर’ या शंकेला उत्तर आहे : ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात आपल्या नियमांनुसार एका किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. वेष्टनावर गव्हाचा उल्लेख करणे बंधनकारक असले, तरी सुट्या फरसाणाला वेष्टनच नसते, म्हणून ते पूर्ण टाळावे.

ओसरी

मी स्वतः आजी आहे आणि माझ्या नातवाला हाच आजार आहे. आम्हा वडीलधाऱ्यांना सुनेने सांगितलेले पथ्य कधीकधी हौस वाटते, हे मान्य करते. तुम्ही सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत न्या. आमच्या डॉक्टरांनी मला विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांची हकीकत सांगितली होती : 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशी आजारी मुले सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. मला ते तेव्हा पटले. त्यानंतर मुलीच्या डब्यांची आणि भांड्यांची सगळी जबाबदारी सासूबाईंकडेच सोपवा; एकदा पटल्यावर त्यांच्याइतकी कडक राखण दुसरे कोणी करणार नाही. गणपतीत तिच्यासाठी वेगळी वाटी काढू नका. घरी दळलेल्या तांदळाच्या पिठीचे उकडीचे मोदक आणि पंचखाद्य हाच सर्वांचा प्रसाद ठेवा, म्हणजे पाहुण्यांसमोर तिला ‘नको’ म्हणावे लागणार नाही.

अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. हिंगाची डबी पाहिली. घटकांत गव्हाचे पीठ स्पष्ट लिहिले आहे. आता घरातून गहूच पूर्ण बंद करावा, असा विचार आहे. धाकट्या मुलाला काही त्रास नाही.

दिवेलागण

ताई, एवढी घाई करू नका. सख्ख्या भावंडांना आणि आईवडिलांना हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते आणि कित्येकदा लक्षणे दिसतच नाहीत, म्हणून धाकट्याची व तुम्हा दोघांची टीटीजी तपासणी आधी करून घ्या. गहू आधीच बंद केला, तर आजार असूनही तपासणीत तो दिसून येत नाही. तोपर्यंत पोळ्या करायच्याच असतील, तर मुलीचा स्वयंपाक आधी उरकून तिचे जेवण झाकून ठेवावे आणि कणीक त्यानंतर मळावी.